अकरा फुल्या

विल्नियस. ऑक्टोबर.
लेसर मशीनचा एक आरसा कस्टममध्ये अडकला
म्हणून माझ्या वाट्याला आलेला
अख्खा मोकळा मंगळवार.
हॉटेलातल्या रासानं काउंटरवर नकाशा पसरला,
निळ्या पेनानं अकरा फुल्या मारल्या,
म्हणाली, चर्च बघा. आमच्याकडे तेच पुष्कळ आहे.

पहिल्या दारात शिकलो:
टोपी काढायची, बूट नाही.
तरी सवयीनं वाकलोच नाडी सोडायला,
आणि मागून येणारी बाई
मला धडकून, काहीतरी पुटपुटून आत गेली.

दुसऱ्यात चुन्याचे इतके देवदूत
की मान अवघडली.
एकाचं पाऊल छतातून सुटून लोंबतंय,
उतरावं की नको,
इतकी वर्षं ठरतच नाहीये त्याचं.
तिसऱ्यात सोनं. चौथ्यातही सोनं.
पाचव्यात मी नुसता बसलो,
खरं सांगायचं तर पाय दुखत होते म्हणून.
शेजारची म्हातारी मला भाविक समजून
जरा सरकली.

बाहेर वाळलेल्या फुलांच्या जुड्या विकणारी एक,
जाड लोकरी मोजे, थर्मासमधला चहा.
किंमत विचारली तर पाच बोटं दाखवली,
मग माझ्या बुटांकडे बघून चार.

सहावी फुली शोधताना चुकलो.

गल्लीत एक बिनफुलीचं चर्च,
बाहेरून गोदामासारखं.
आत उघड्या भिंती, प्लास्टिकच्या खुर्च्या,
आणि शिडीवर येरोनिमास,
सत्तरी ओलांडलेला,
हीटरच्या नळीला टेप गुंडाळत.
त्याची पक्कड पडली, मी उचलून दिली.
झाली ओळख.

त्याचं इंग्रजी मोडकं, माझं जेमतेम,
उरलेलं हातांनी.
सोव्हिएत काळात इथे आधी बटाटे, म्हणाला,
मग खेळाचा हॉल. ते बघ,
वेदीच्या मागे, उंच भिंतीत
चार गंजके बोल्ट.
बास्केटची फळी तिथे होती.
चौदाव्या वर्षी मी इथे एका सामन्यात
एकतीस गुण केले.

आणि आई?
ती बाहेरून जायची, पाव घेऊन,
पाऊल न थांबवता
भिंतीवरून नुसती बोटं फिरवत न्यायची,
पोरं कुंपणावरून काठी नेतात तशी,
बघणाऱ्याला संशय येऊ नये.
आत आमचा चेंडू. धप. धप.

तिला ऐकू यायचं का, मी विचारलं.
त्यानं टेप दातानं तोडली.
घरी गेलो की विचारायची,
कोण जिंकलं.

पुढे पाद्री परत आले, खुर्च्या आल्या,
बोल्ट कापायला माणूस आला
तेव्हा यानंच शिडी लपवून ठेवली.
तू मानतोस, वर बोट करून त्यानं विचारलं.
मी म्हणालो, मी मशीनं दुरुस्त करतो.
मीपण, म्हणाला, आणि नळीवर टिचकी मारली.
नळी गारच होती.

निघताना मेणबत्त्यांच्या कपाटातून
त्यानं एक चेंडू काढला.
कातडं चिरलेलं, हवा नाही,
एका बाजूनं बसलेला.
दोन्ही हातांत धरून गुडघ्यात किंचित वाकला,
बोल्टांकडे बघितलं.
टाकला नाही.
परत ठेवला, पुढच्या मेणबत्त्या सारख्या केल्या,
आणि कपाटाला कुलूप लावलं,
जे नुसतं ओढलं तरी उघडत होतं.

संध्याकाळी रासाला विचारलं,
चेंडूत हवा भरायचा पंप कुठे मिळेल.
दुकान सहाला बंद, म्हणाली. किती चर्च झाली?
पाच, आणि एक तुम्ही न सांगितलेलं.
कुठलं?
दिव्याखाली नकाशा धरला.
ती गल्ली नेमकी घडीवर आली होती,
दिवसभर उघडमीट होऊन
कागद तिथे पांढरा पडलेला.
ती थोडा वेळ वाकून बघत राहिली.
मग म्हणाली, तुमचा निरोप आहे.
आरसा सुटला.
सकाळी सातला गाडी.